दोन ते चार

"कुणाला विचारून बसवलीस ही?" पायातले बूटही न काढता चंद्रहासने विचारलं.

सुनंदाने ब्लाऊजची बाही सुईखाली सरकवली. शिलाई मशीनला नवीच बसवलेली मोटर भर्रकन फिरली नि थांबली. "माझ्या भिशीला विचारून."

"पायाने चालत होती की चांगली!"

"मशीन चालत होती. पाय चालत नव्हते."

अठरा वर्षं मनवेलपाड्याच्या त्या दीड खोलीत तिने पायडल मारलं. मुलगी, क्षितिजा, त्यावरच शिकली. गुडघे मात्र सुजून भोपळे झाले. डॉक्टर म्हणाला, रोज दुपारी दोन तास पाय वर घेऊन पडायचं. पडायचं कधी? दोन तास कुणी उसने देत नाही. म्हणून तिने ते विकत घेतले. मोटर आली आणि दिवसाचे सहा ब्लाऊज दोनच्या आत हातावेगळे व्हायला लागले.

आणि हा विचारतोय, कुणाला विचारून! गेल्या वर्षी, सत्त्याण्णव साली, याच्या ऑफिसात कुणी टायवाला येऊन वेळेचं नियोजन शिकवून गेला. गडी लगेच कातडी कव्हराची, तासातासाचे रकाने पाडलेली डायरी घेऊन आला. नंबरच्या कुलपाची बॅगही आणली. डायरी कोरीच्या कोरी, बॅगेत डबा आणि छत्री. तेव्हा कुणी तोंड उघडलं नाही. बाप्याने घेतली की प्रगती, बाईने घेतली की उधळपट्टी!

चौथ्या दिवशी मात्र स्वारी खुशीत आली.

"मोटर कामाची निघाली हां," म्हणत त्याने डायरी तिच्यापुढे धरली. पहिल्यांदाच तिच्यात शाई पडली होती. 'दोन ते चार : सुनंदा. स्वप्नाचे ब्लाऊज.'

स्वप्ना त्याची बहीण, आचोळ्याला दिलेली. तिच्या दिराचं लग्न होतं. ब्लाऊज अकरा.

"मी हो म्हणून टाकलंय. उद्या दुपारी कापडं घेऊन येतेय. तुझा आता रिकामाच वेळ ना!"

"रिकामा?" सुनंदाच्या हातातली कात्री फळीवर आदळली. "तुमचा रविवार मी कधी माझ्या भावाला देऊन टाकला?"

"घरचीच माणसं ना? शिलाई मागणार तिच्याकडे?"

"शिलाई गेली खड्ड्यात. ते दोन तास माझे आहेत."

"मोटर काय आली, जीभ पण जोरात चालायला लागली," तो म्हणाला आणि पेपर उघडून बसला. त्याच्यापुरतं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोनला सुनंदाने मोटरचं बटण बंद केलं. दाराला आतून कडी घातली. मशीनच्या पुढ्यात चटई पसरली.

दार वाजलं. "वहिनी! स्वप्ना आलेय गं. मशीन तर आत्ता वाजत होती!"

"चारनंतर ये."

"अगं उन्हात काय उभी करतेस? दादाने सांगितलंय ना?"

"मग दादालाच टाके घालायला सांग."

बाहेर पिशवी आपटली. काहीतरी पुटपुटणं झालं. मग चपला जिना उतरून गेल्या.

रात्री घरात काय पेटणार, ते सुनंदाला ठाऊक होतं. तिने पायडलवर उशी ठेवली आणि पडल्यापडल्या दोन्ही पाय त्यावर टेकवले. पायडल एकदा कुरकुरलं. मग हललं नाही.