पुरातला हात

“काकू, ही वही काचेखाली ठेवतो हां. पान कुठलं उघडू?” मितेशने विचारलं.

उत्तराबाई काही बोलायच्या आत साईनाथराव म्हणाले, “सव्वीस जुलैचं. मी खूण घालून ठेवलीय बघ.”

मितेशने पान उघडून वाकून पाहिलं. “काय मस्त अक्षर आहे, काका. एवढ्या गडबडीत?”

“हिचं आहे ते. मी संदेश पाठवत होतो, ही बाजूला बसून लिहून घेत होती.”

उत्तराबाईंनी पदर सारखा केला. कार्यक्रम अजून सुरू व्हायचा होता. भाषणात सांगतील, त्यांनी मनाला समजावलं. सकाळी इस्त्रीचा सदरा हातात देताना त्यांनी विचारलं होतं, “अहो, आज तरी माझं नाव घ्याल ना?” आणि साईनाथराव आरशात बघत म्हणाले होते, “घेईन की. न घ्यायला काय झालं?” वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तोंड उघडून काही मागितलं होतं.

डोंबिवलीच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये रेडिओ क्लबचा कार्यक्रम होता. सरकारी परवाना काढून घरच्या घरी वायरलेस संच चालवणारी आणि कुठल्या कुठल्या गावच्या तसल्याच वेड्यांशी बोलणारी ही मंडळी. एरवी त्यांना कोण विचारतो? शेजारी विचारतात ते एवढंच, की गच्चीवरच्या तुमच्या तारांवर वीज तर पडणार नाही ना. पण दोन हजार पाच सालच्या पुरात फोन गेले, दिवे गेले, आणि कल्याणजवळच्या मोहन्यातल्या एका बिऱ्हाडातून तीस तास संदेश निघत राहिले. त्याला आज वीस वर्षं होत होती. क्लबचा अध्यक्ष मितेश घोडबंदर रोडला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. पुराच्या वेळी तो शाळेत जात होता. त्याने हौसेने मोठा बॅनर करून आणला होता. बॅनरवर साईनाथरावांचा फोटो होता.

देवाला ठाऊक असलेली गोष्ट मात्र वेगळी होती. त्या तीस तासांत साईनाथराव मोहन्यात नव्हतेच. कारखान्यातल्या साहेबांच्या कामाला ठाण्याला गेलेले, परतताना खोपटच्या एसटी डेपोत अडकले, आणि दोन रात्री त्यांनी बंद गाडीत बसून काढल्या. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. हजारो माणसं तशीच अडकली होती.

घरी दुसऱ्या मजल्यावर संचापुढे उत्तराबाई होत्या. परवाना त्यांनीही काढला होता. मोर्स म्हणजे तरी काय, एक तुटक आणि एक लांब, या दोन आवाजांत बसवलेली अख्खी एबीसीडी. उत्तराबाईंचे वडील कीर्तनात बुवांच्या मागे उभे राहून झांज धरायचे. लघु-गुरू पोरीच्या कानात दुधाबरोबरच गेलेले. साईनाथरावांना जे घोकायला दीड वर्ष लागलं, ते या बाईने पोळ्या लाटता लाटता नुसतं ऐकून उचललं.

वीज गेल्यावर संच गाडीच्या बॅटरीवर चालत होता; माईकवर बोललं असतं तर ती दोन-तीन तासांत बसली असती, म्हणून त्यांनी मोर्सची की, म्हणजे बोटांनी दाबायची कळ, पुढे ओढली. चाळीतली माणसं छातीभर पाण्यातून यायची, जिन्यात उभी राहून नावं सांगायची; उत्तराबाई ती पाठवायच्या. ठाण्याला क्लबचे तानाजी शेलार ती उतरवून घ्यायचे आणि कागद घेऊन पायी सरकारी कचेरीत जायचे. ‘पत्र्यावर नऊ माणसं, एक बाळंतीण, होडी पाठवा.’ होडी गेली. कितीतरी वेळाने उत्तर आलं, ‘सात मिळाली.’ राहिलेल्या दोघींतली एक शकू, त्यांच्याकडे भांडी घासायला येणारी. तो साताचा आकडा वहीत लिहिताना उत्तराबाईंनी दोनदा पेन उचललं होतं.

या लोकांचा नियम असा, की संचापुढे कोणी का बसेना, हाक द्यायची ती संचाच्या मालकाच्या खुणेने, म्हणजे त्याच्या परवान्यावरच्या सांकेतिक नावाने. मोर्समध्ये ना बाईचा आवाज ना पुरुषाचा. तीस तास उत्तराबाई नवऱ्याच्याच नावाने हाका देत राहिल्या. चौथ्या दिवशी पेपरवाला चौकशी करत दारात आला, तेव्हा त्या आंघोळीला गेल्या होत्या. दार साईनाथरावांनी उघडलं.

सुरुवातीला ते म्हणायचे, आमच्या घरून संदेश गेले. पुढे आम्ही पाठवले, असं झालं. मग एकदा पाहुण्यांच्या पंक्तीत ‘मी पाठवले’ आलं, तेव्हा उत्तराबाईंच्या हातात वरणाचं पातेलं होतं. घरच्या माणसाला चारचौघांत खोटं कसं पाडायचं? त्या वाढत राहिल्या. कीर्तनात नाव बुवांचं होतं, झांजवाला घरी येऊन गुडघ्यांना तेल लावतो, हे त्यांनी वडिलांच्या बाबतीत पाहिलेलंच होतं. पण तिथे निदान बुवा कीर्तनाला हजर तरी असायचे.

हॉल भरला. चाळीस-पन्नास माणसं असतील. साईनाथराव बोलायला उभे राहिले. आवाज अजून खणखणीत होता.

“बॅटरी किती टिकेल, काही भरवसा नव्हता,” ते सांगत होते. “मनाशी म्हटलं, साईनाथ, आज हात थांबवायचा नाही. एका पत्र्यावर नऊ माणसं होती. नऊच्या नऊ वाचली.”

टाळ्या पडल्या. उत्तराबाईंनी काचेखालच्या वहीकडे पाहिलं. पान उघडंच होतं. वाकून कोणीही वाचावं.

“आणि हो,” साईनाथराव हसून म्हणाले, “आमच्या सौभाग्यवतींचं नाव घेतल्याशिवाय मला घरात घेणार नाहीत. उत्तरा. उभी राहा गं जरा. तीस तास हिने न कंटाळता मला चहा दिला.”

हशा झाला, पुन्हा टाळ्या झाल्या. उत्तराबाई उभ्या राहिल्या, हात जोडले आणि बसल्या. शेजारच्या खुर्चीवरच्या वैशालीताई त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, “किती कौतुक आहे हो तुमचं त्यांना. आमच्याकडे चहा थंड झाला म्हणून तेवढं ऐकवतात.”

नाव घेतलं होतं. मागितलं तेवढं मिळालं होतं.

मग मितेशने टेबलावर संच पुढे सरकवला. “काका, आता सरप्राइज. ठाण्याला तानाजीकाका घरी बसून ऐकतायत. ब्याऐंशी वर्षांचे झाले, जिना उतरवत नाही त्यांना. माईक नाही हां. त्या दिवशी कसं केलेलं तुम्ही दोघांनी, तसंच मोर्सवर. मोर्स वाचून दाखवणारा कॉम्प्युटर पण नाही जोडलेला, एकदम ओरिजिनल.”

साईनाथरावांच्या कपाळावर घाम आला. “अरे, आता सवय कुठे राहिली…”

“काय काका, तीस तास पाठवलेलं, दोन मिनिटं नाही जमणार?”

पोरं हसली. साईनाथराव बसले. पुरानंतर त्यांनी कीला कधी बोट लावलं नव्हतं. जे काय बोलायचं ते माईकवर. आणि उत्तराबाई तर संचापुढे पुन्हा बसल्याच नाहीत. त्याचं नवल कोणाला वाटलं नव्हतं.

साईनाथरावांनी ‘नमस्कार तानाजी’ एवढंच पाठवलं. मध्ये दोनदा अडखळले, एक अक्षर पुन्हा दिलं. ऐकणाऱ्यांना काय, टिट-टिट वाजलं म्हणजे झालं. उत्तराबाईंनी मात्र, भर कीर्तनात ताल सुटल्यावर मिटावेत तसे, डोळे मिटून घेतले.

मग स्पीकरमधून ठाण्याकडून भराभर, सरळ रेषेत मणी ओवावेत तसं उत्तर आलं. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीच.

‘कोण बसलंय? हा हात तो नाही. माणसाचं अक्षर असतं तसा हात असतो. पुरातला हात मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो माणूस आहे का तिथे?’

सगळ्या हॉलने ते ऐकलं. पण क्लबातली बाकीची मंडळी माईकवरच बोलणारी; समजलं ते एकट्या उत्तराबाईंना.

साईनाथरावांच्या कागदावर चार अक्षरं उतरली होती. त्यांनी मान वळवली. “काय गं म्हणतोय? फार भरभर देतो हा.”

सगळ्या माना उत्तराबाईंकडे वळल्या. साक्षीदार आपण होऊन उभा राहिला होता, आणि त्याची साक्ष सांगायची होती त्यांनाच. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. चार अक्षरं असोत नाहीतर दोन, साईनाथरावांना कळायचं ते कळलं होतं. तो कागद त्यांनी तळहाताखाली झाकला होता. हा माणूस अर्थ विचारत नव्हता.

“अभिनंदन म्हणतायत,” उत्तराबाई म्हणाल्या. “तब्येतीला जपा म्हणतायत.”

या खेपेच्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या होत्या. कोणीतरी शाल आणली, कोणी नारळ. साईनाथरावांचे डोळे भरून आले आणि तेही लोकांना आवडलं. आभार मानायचे होते, म्हणून मितेशने संचाचा आवाज पार बारीक केला.

पण संच चालूच होता. संचाच्या छोट्या पडद्यावरची हिरवी पट्टी तुटक, लांब, तुटक उसळत होती. उत्तराबाई खुर्चीवरून ती वाचत होत्या. ‘तो माणूस आहे का?’ पट्टी थांबायची, उत्तराला जागा द्यायची, आणि पुन्हा तेच. ‘आहे का?’

हाक देणाऱ्याला ताटकळत ठेवू नये, निदान ‘थांबा’ म्हणून सांगावं, हा या विद्येतला पहिला धडा.

त्या उठल्या. फोटोसाठी सगळे साईनाथरावांभोवती गोळा झाले होते. टेबलाशी जाऊन त्यांनी उभ्या उभ्याच कीवर दोन बोटं ठेवली. एक तुटक, एक लांब, तीन तुटक. मोर्समध्ये ‘थांबा’ म्हणायला तेवढं पुरतं.

“काकू, हात लागला वाटतं,” मितेश म्हणाला आणि त्याने की अलगद आत सरकवली. “या ना, फोटोला या.”

हिरवी पट्टी खाली बसली, ती पुन्हा हलली नाही. ठाण्याला ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा कानाला हेडफोन लावून थांबला होता.