दोन होड्यांमधलं अंतर

कादोर सरांच्या फाटकाची कडी काढायला व्हर्लिनने हात पुढे केला, आणि तसाच मागे घेऊन झग्याला पुसला. हात कोरडाच होता.

"मम्मी, उघड ना," मागून केझाया म्हणाली.

"उघडते. घाई कसली?"

शेवटी कडी केझायानेच काढली. उतारावरच्या त्या लाकडी घराच्या पायऱ्या चढताना व्हर्लिनने मुलीचं मनगट धरून ठेवलं होतं, रस्ता ओलांडताना लहान पोराचं धरतात तसं. सर व्हरांड्यात उभे होते. पाठीला बाक आला होता, भुवया कापसासारख्या झाल्या होत्या. पण व्हर्लिनची नजर आधी गेली ती त्यांच्या कमरेकडे. कमरेला पट्टा नव्हता. विजार खांद्यावरून घेतलेल्या गॅलिसांवर तोललेली होती. ते पाहूनही तिचा श्वास मोकळा झाला नाही. पट्टा मग कुठे ठेवला असेल, असंच तिच्या मनात आलं.

"माझी मुलगी, सर," ती म्हणाली. "गेल्या वर्षी गणितात राहिली. बाकी सगळे विषय सुटलेत."

"अडतं कुठं?"

"त्रिकोणमितीत," केझाया पुटपुटली.

सरांनी मान हलवली आणि व्हर्लिनकडे बघितलं. तिने घरून पाठ करून आणलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं, "मी इथंच बसणार, अंगणात, शिकवणी संपेपर्यंत."

ते आत गेले, एक खुर्ची उचलून आणली आणि खिडकीबाहेर नीरफणसाच्या सावलीत ठेवली. त्यांनी आपल्याला ओळखलेलं नाही, असं व्हर्लिनला वाटलं. तिला ते बरंच वाटलं.

गुयाव गावात चाळिशी उलटलेली माणसंही कादोर सर रस्त्याने जाताना दिसले की सदऱ्याची बटणं चाचपत. कुणी हसून त्यांच्या गोष्टी सांगत. व्हर्लिनही मुलीला सांगायची, हसत हसत. मात्र एक गोष्ट तिने कधी सांगितली नव्हती. ती शाळेत असताना एकदा सरांनी फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला होता आणि कर्ण दाखव म्हणून तिला उठवलं होतं. तिने भलत्याच बाजूवर बोट ठेवलं. पट्टा तळहातावर बसला. "आता दाखव," सर म्हणाले. तिला डोळ्यांतल्या पाण्यामुळे फळाच दिसत नव्हता. तिने पुन्हा तीच बाजू दाखवली. पट्टा पुन्हा बसला. "हे डोकं नाही, जायफळ आहे," असं ते म्हणाले तेव्हा सगळा वर्ग हसला. त्यानंतर गणिताच्या तासाला ती समुद्रावर जाऊन बसू लागली, आणि गणिताचा पेपर न देताच तिने शाळा सोडली. तेव्हापासून ती जायफळाच्या कारखान्यात जायफळं निवडत होती.

केझायाला तर कुणी बोटही लावलं नव्हतं. तरी प्रश्नपत्रिकेत त्रिकोण दिसला की तिचे हात गार पडत. गेल्या वर्षी शालान्त परीक्षेत त्या पानावर येऊन तिने पेन खाली ठेवलं आणि घंटा होईपर्यंत नुसती बसून राहिली. नर्सिंगच्या प्रवेशासाठी गणित लागायचंच. शाळेतले गणिताचे मास्तर नोकरी धरून त्रिनिदादला निघून गेले होते. गावात आता हे शिकवणारं एकच माणूस उरलं होतं, निवृत्त झालेले कादोर सर. इतर मुलांच्या आयांनी त्यांच्याकडे पाठव म्हणून सांगून झालं. व्हर्लिन नाही म्हणत राहिली. मग एके दिवशी केझायाच म्हणाली की जाऊ दे, मीपण येते कारखान्यात तुझ्या शेजारी बसायला. त्या रात्री व्हर्लिनने ठरवलं की न्यायचं, पण डोळ्यांआड होऊ द्यायचं नाही.

ती रोज संध्याकाळी मांडीवर वाडगा घेऊन तुरीच्या शेंगा सोलत बसायची आणि कान खिडकीत ठेवायची. आत चारपाच मुलं असत. त्यात मच्छीमाराचा जेरॉन होता. त्याला गप्प बसणं माहीत नव्हतं. सर सावकाश शिकवत. कोनाच्या समोरची बाजू कोणती, लगतची कोणती, हे ते मुलांकडून पुनःपुन्हा म्हणवून घेत. सगळं सुरळीत चालायचं ते कुणी चुकेपर्यंत. कुणी चुकलं की सरांचा आवाज थांबे. खुर्ची मागे सरके. व्हर्लिनच्या हातातली शेंग तशीच राही. ती अर्धी उठलेली असे. मग पावलं स्वयंपाकघराकडे जात, नळ सोडल्याचा आवाज येई, आणि बऱ्याच वेळाने सर ओल्या हातांनी परत येऊन म्हणत, "पुन्हा बघ."

दर वेळी हेच व्हायचं.

"माझं गणित बघून सरांना तहान लागते," जेरॉन म्हणायचा. मुलं हसायची. केझाया हसत नसे. चुकायला नको म्हणून ती उत्तरच द्यायची नाही. विचारलं की वहीकडे बघत बसायची, आणि तिचे खांदे हळूहळू कानांपर्यंत वर येत. खिडकीतून व्हर्लिनला तेवढंच दिसायचं.

एकदा ती टरफलं कोंबड्यांना टाकायला घराच्या मागे गेली होती. आत जेरॉनने काहीतरी चुकीचं सांगितलं असावं, कारण खुर्ची सरकली. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. सर सिंकपाशी उभे होते. नळ वाहत होता, पण हातात पेला नव्हता. दोन्ही तळवे त्यांनी सिंकच्या कडेवर असे दाबून धरले होते की बोटांची पेरं पांढरी पडली होती. डोळे मिटलेले. दंड खांद्यापर्यंत थरथरत होते. ओठ हलत होते. ते प्रार्थना म्हणत होते की आकडे मोजत होते, हे व्हर्लिनला कळलं नाही. ती पाय न वाजवता परत फिरली आणि खुर्चीवर येऊन बसली.

त्या दिवसापासून शेंगा सोलायचे ते फक्त तिचे हात. कान दुसरंच काही ऐकू लागले. समोरची बाजू भागिले कर्ण. लगतची भागिले कर्ण. कारखान्यात जायफळं निवडताना तिचे ओठ हलत. शेजारच्या फिलोमीनने ते हेरलं.

"कुणाशी बोलत असतेस गं? नवीन कोणी मिळालाय वाटतं."

"मिळालाय. तीन कोनांचा आहे."

फिलोमीनला काही समजलं नाही, तरी ती दिवसभर सगळ्यांना ते सांगत सुटली.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यातली शेवटची शिकवणी. सरांनी गणित घातलं: बंदरातून दोन होड्या निघाल्या. एक सरळ पाच किलोमीटर गेली, दुसरी आठ. दोघींच्या वाटांमध्ये साठ अंशांचा कोन. दोन होड्यांमधलं अंतर काढा. हे काटकोनाचं गणित नव्हतं. याला आठवडाभर घोटून घेतलेला कोसाइनचा नियम लागत होता, आणि परीक्षेत हटकून यायचा तो हाच. सरांनी केझायाला फळ्यापाशी बोलावलं.

केझाया गेली. खडू घेतला. हात फळ्याजवळ नेला आणि तिथेच थांबला.

"सुरुवात कर," सर म्हणाले.

खडू हलला नाही. जेरॉनसुद्धा गप्प होता. सर तिच्या खांद्यामागे उभे होते, अगदी जवळ. बाहेरून व्हर्लिनला मुलीचे वर गेलेले खांदे दिसले, मानेवरचा घाम दिसला. तिला वाटलं, आता हिला फळा दिसत नसणार.

तिने वाडगा जमिनीवर ठेवला. पायऱ्या चढून ती आत कधी आली, हे तिचं तिलाही समजलं नाही.

"मी करू का, सर?"

तिने केझायाच्या बोटांतून खडू सोडवून घेतला. पाचाचा वर्ग पंचवीस. आठाचा चौसष्ट. बेरीज एकोणनव्वद. दोन गुणिले पाच गुणिले आठ, ऐंशी. अक्षर पोरकट येत होतं, ओळ वर चढत होती. एकोणनव्वदातून ऐंशी गेले, उरले नऊ. साठ अंशांचा कोसाइन म्हणजे अर्धा; नवाचे निम्मे साडेचार. त्याचं वर्गमूळ.

"दोन," ती म्हणाली. "दोन किलोमीटर आणि थोडं वर."

ती वळली. सरांचा चेहरा दगडासारखा झाला होता. ते स्वयंपाकघराच्या दिशेने वळले, एक पाऊल टाकलं. मग थांबले. परत आले आणि जेरॉनशेजारी मुलांच्या बाकावर बसले. दोन्ही हात त्यांनी बाकावर समोर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. हात थरथरत होते. त्यांनी ते तसेच थरथरू दिले.

"एक पाच गेली, दुसरी आठ," ते हळू आवाजात म्हणाले. "दोघी एकाच वाटेनं गेल्या असत्या, तरी मध्ये किती राहिलं असतं?"

"तीन," जेरॉन म्हणाला.

"आणि या तर वेगवेगळ्या वाटांनी गेल्या. मग दोन कसं येईल?"

व्हर्लिनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तळहात आपोआप मिटला. ती वाट बघत राहिली. कुणी हसलं नाही.

"कुठं चुकलं ते शोध," सर म्हणाले, आणि क्षणभर थांबून, "व्हर्लिन."

इथे आल्यापासून तिने त्यांना आपलं नाव सांगितलं नव्हतं.

ती फळ्याकडे बघत राहिली, पण तिला काही शोधता आलं नाही. तेवढ्यात तिच्या हातातून कुणीतरी खडू काढून घेतला.

"मम्मी, गुणाकार आधी," केझाया म्हणाली. "ऐंशीचे निम्मे करायचे. चाळीस. मग वजाबाकी." तिने नऊ खोडला. एकोणनव्वद वजा चाळीस, एकोणपन्नास. वर्गमूळ सात. खडू एकदाही थांबला नाही.

परीक्षेच्या सकाळी दोघी शाळेच्या फाटकापर्यंत चालत गेल्या. केझायाने न्याहारीला हात लावला नव्हता. मुलं गटागटाने सूत्रं घोकत उभी होती. फाटकापाशी तिने आईचा हात धरला. बोटं बर्फासारखी होती.

"मम्मी, एक विचारू? खरं सांग."

"विचार."

"त्या दिवशी तू मुद्दाम चुकलीस ना? मला दाखवायला? चुकलं तरी काही होत नाही म्हणून?"

व्हर्लिनने तिच्या गळपट्टीची घडी सरळ केली. पुन्हा एकदा केली.

"मग काय," ती म्हणाली.

केझाया हसली. किती दिवसांनी हसली होती. "वाटलंच मला," असं म्हणून ती पाठ ताठ करून आत गेली, आणि दाराशी पोचेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.

घंटा झाली तरी व्हर्लिन फाटकाचे गज धरून उभी होती. त्या संध्याकाळी फळ्यावर दोन लिहिलं तेव्हा तिची पक्की खात्री होती की आयुष्यात पहिल्यांदा आपलं उत्तर बरोबर आलंय.