अर्धी पांढर

बाईमाणसानं कुदळ धरली की लोक तोंडात बोटं घालायचे, त्या काळात शालनबाई घारपुऱ्यांनी वाघोलीजवळची पांढर खणली. पांढर म्हणजे जुन्या वस्तीचं मातीचं टेकाड. पण खणली निम्मीच. "सगळं आपणच उकरलं, तर मागून येणाऱ्यांनी काय हात चोळत बसायचं?" असं त्या म्हणायच्या.

पुरातत्त्व खातं मात्र अडून बसलं. काम पूर्ण झाल्याचं लिहून दिल्याशिवाय शेतकऱ्याला, दशरथला, जमीन परत मिळेना. बाईंना त्याची दया आली. त्यांनी 'काम पूर्ण' लिहून सही ठोकली आणि उरलेल्या निम्म्या भागाला नांगर लावणार नाही, असा त्याच्याकडून शब्द घेतला. गड्यानं सदतीस वर्षं तो पाळला. मग तो गेला, संगणकवाल्यांच्या कृपेनं वाघोलीला सोन्याचा भाव आला, आणि त्याच्या मुलानं, हिंमतरावानं, ती जमीन बिल्डरला विकली.

सत्त्याहत्तर वर्षांच्या बाई नारायण पेठेतून रिक्षा करून खात्यात गेल्या. "ते पत्र खोटं होतं. मीच लिहिलं. निम्मी पांढर अजून खणायची राहिलीय," असं चारचौघांत बोलल्या. आयुष्यभर जपलेलं नाव पणाला लावलं हो!

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "आपण तेव्हा खोटं लिहिलंत की आत्ता खोटं बोलताय, हे आम्ही कसं ठरवायचं?"

मग त्यांनी शौनकला फोन लावला. त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. उरलेली पांढर हाच खणणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आता तो सॉफ्टवेअर कंपनीत होता.

"मॅडम, या आठवड्यात रिलीज आहे. वीकेंडला बघू?"

जेसीबी कसला वीकेंडला थांबतोय! बाई एकट्याच गेल्या. टेकाड बरंचसं ट्रकमधून गेलं होतं. हिंमतरावानं खुर्ची मांडली, पण बाई कापलेल्या मातीपाशी जाऊन वाकल्या. अगदी तळाशी राख होती, आणि राखेत चूल. इतक्या खाली वस्तीच नव्हती, असं बाईंनी या पांढरीवरच्या आपल्या पुस्तकात छातीठोकपणे लिहिलं होतं. म्हणजे माणसं कितीतरी आधी इथं राहत होती. बाई साफ चुकल्या होत्या, आणि इतका आनंद त्यांना उभ्या जन्मात झाला नव्हता.

"शौनक, अरे, हे बघ!" त्या ओरडल्या.

मागं हिंमतराव होता. त्यानं वाकून पाहिलं. "चूल हाय व्हय?"

"हो. चूल."

"बरं. बाई, जरा बाजूला व्हता का? गाडी खोळंबलीय."

बाई बाजूला झाल्या.