‘बघू’ म्हणणारे

१९८६ सालच्या ऑक्टोबरात मी रोज संध्याकाळी अनोळखी लोकांना फोन करून ‘मत कुणाला देणार?’ असं विचारत होते, आणि त्याचा मला पगार मिळत होता. आमच्या नागपुरात असं विचारलं असतं तर ‘तुम्हाला काय करायचंय?’ हे ऐकून घ्यावं लागलं असतं. अमेरिकन माणूस मात्र सांगतो. स्वतःचं मत सांगतो, शेजाऱ्याचं सांगतो, कुठला गुडघा दुखतो तेही सांगतो. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे जाणून घ्यायची मला लहानपणापासून हौस. आई त्याला भोचकपणा म्हणायची, इथे त्याला रिसर्च म्हणतात.

ऑफिस आम्ही राहत होतो त्या एडिसन गावातच, एका ड्रायक्लीनरच्या दुकानावर होतं. काही टेबलं, तितकेच फोन आणि आमचा साहेब वॉल्टर. ते वर्ष मिडटर्मचं होतं, म्हणजे अध्यक्ष आपल्या खुर्चीत बसून राहतो आणि काँग्रेसची, म्हणजे इथल्या संसदेची, निवडणूक होते. आमच्या भागातून कोण निवडून येणार याचं भाकीत एका स्थानिक वर्तमानपत्राला हवं होतं. एका बाजूला मिस्टर हॅनली, बावीस वर्षं त्या जागेवर बसलेले. दुसऱ्या बाजूला मिसेस प्रॅट, शाळेतल्या बाई, ज्यांचं नाव आम्हाला फोनवर दोन-दोनदा सांगावं लागे.

शेवटच्या आठवड्यात आकडे आले. शंभरातले सत्तेचाळीस हॅनलींचे, चाळीस प्रॅटबाईंचे. उरलेले तेरा म्हणत होते, ‘वुई विल सी.’ माझ्या कानाला ते सरळ मराठीत ऐकू यायचं. बघू.

वॉल्टरनं कागद पाहिला आणि म्हणाला, “हॅनली पडणार.”

“पण ते सात पॉइंट्सनी पुढे आहेत,” मी म्हणाले.

“हे तेरा जण त्यांना बावीस वर्षं ओळखतात, कांचन. ज्याला इतकी वर्षं ओळखतो त्याला मत द्यायचं असेल तर माणूस लगेच सांगतो. वेळ मागतोय म्हणजे नको आहे. फक्त तोंडावर म्हणवत नाही.”

मला हे मुळीच पटलं नाही. न ठरवलेला माणूस म्हणजे न ठरवलेला माणूस. त्याच्या मनात शिरून त्याच्या वतीनं ठरवणारा हा कोण? आणि माझ्याकडे पुरावा होता. पुरावा मीच होते.

गिरीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सांता क्लाराच्या एका चिप कंपनीनं बोलावलं होतं. पगार मोठा, काम त्याच्या आवडीचं. निवडणुकीच्या आठवड्यातल्या शुक्रवारी उत्तर द्यायचं होतं. “जाऊ या ना?” त्यानं विचारलं तेव्हा मी “बघू” म्हणाले होते, आणि अगदी खरं सांगते, मी काहीच ठरवलेलं नव्हतं. कधी वाटे, जावं. तिकडे बर्फ उपसायला नको. कधी वाटे, कशाला? मी वॉल्टरला हे सगळं ऐकवलं.

तो नुसता हसला. मला राग आला.

त्या रागात मी एक उद्योग केला. ‘बघू’ म्हणणाऱ्यांना पुढे काही विचारायचं नाही, असा आमचा नियम होता. उरलेल्या फोनवर मी विचारायला लागले. “समजा आज, आत्ताच ठरवावं लागलं, तर कुणीकडे झुकाल?” एका आजींनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाल्या, “हॅनली माणूस चांगला आहे, हनी. माझ्या मिस्टरांच्या फ्युनरलला आला होता.” मग एकदम, “बट इनफ इज इनफ.” आणि फोन ठेवल्यावर मला जाणवलं, या बाईला हे वाक्य बोलेपर्यंत स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

वॉल्टरला कळल्यावर त्यानं मला झापलं. एकीनं वेगळा प्रश्न विचारला की बाकीच्यांच्या आकड्यांशी मेळ बसत नाही, म्हणाला. ते बरोबरच होतं. तरी जाता जाता त्यानं हळूच विचारलं, “काय म्हणाल्या त्या आजी?”

घरी सगळं सांगितलं, तर गिरीश माझ्या बाजूनं होता. तो इंजिनिअर, त्याला हिशोब सरळ लागतात. “अनडिसायडेड म्हणजे फिफ्टी-फिफ्टी,” तो चिवडा खात म्हणाला. दिवाळीचा फराळ मी ऑफिसमधून येऊन करत होते, आणि तो परातीजवळून हलत नव्हता. “अर्धे इकडे, अर्धे तिकडे. हॅनली आरामात येतो. तुझा साहेब गंडलाय, यार.”

गिरीशचं फिफ्टी-फिफ्टी मात्र फक्त हॅनलींपुरतं होतं. माझं ‘बघू’ त्यानं केव्हाच होकारात धरलं होतं. टेबलावर सांता क्लाराचा नकाशा पसरलेला असे. तिकडच्या मराठी मंडळात नाटकं चांगली होतात, हे तो मला तीनदा सांगून चुकला होता. आमची तेरा वर्षांची रुपाली नकाशावरून माझ्याकडे बघायची. “आई, आर वी मूव्हिंग ऑर नॉट?”

“बघू गं,” मी म्हणायचे.

“दॅट्स नॉट ॲन आन्सर.”

“तुझ्या आईला थोडा टाइम दे,” गिरीश म्हणायचा. त्याचा आवाज इतका खुशीत असायचा की मी लाडवाच्या रव्यात डोकं घालायचे.

वॉल्टरचं भाकीत पेपरात छापून आलं. लोक हसले. मंगळवारी मी आणि गिरीश एकत्रच मत देऊन आलो. गाडीत त्यानं कुणाला दिलं विचारलं, मी सांगितलं नाही. संध्याकाळी टीव्हीवर सिनेटचीच चर्चा चालली होती. आमची जागा कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

बुधवारी सकाळी गिरीशनं पेपर आणला आणि उभ्यानंच उघडला. हॅनली पडले होते. तेरातले अकरा-बारा तरी प्रॅटबाईंकडे गेले असणार. मला आधी आनंद झाला, मग वॉल्टर बरोबर ठरला म्हणून चीड आली. आणि मग पाहिलं, गिरीश पेपर वाचतच नव्हता. माझ्याकडे बघत होता.

“कांचन,” तो म्हणाला, “तुझं ते बघू.”

“माझं वेगळं आहे. मी खरंच ठरवलेलं नाही.”

“मग तो प्रश्न मला विचारू दे. त्या आजींना विचारलास तो.” त्यानं पेपरची घडी घातली. “आज, आत्ताच ठरवावं लागलं, तर?”

मी तोंड उघडलं ते ‘अरे, विचार करायला हवा’ म्हणायला. बाहेर पडलं, “नाही.”

स्वतःचाच आवाज ऐकून मी घाबरले. पण एकदा सुटल्यावर थांबवेना. “नाही यायचं मला. मला इथल्या गल्ल्या पाठ आहेत. मला माझं काम आहे, गिरीश, माझं स्वतःचं. पुन्हा अनोळखी किचनमध्ये उभं राहून कुठल्या खणात काय ठेवायचं, हे मला नाही ठरवायचं.” मी रडत होते. वाईट वाटत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं.

तो चिडेल असं वाटलं होतं. चिडला नाही. टेबलावरचा नकाशा गुंडाळायला लागला.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “शुक्रवारची वाट कशाला बघायची? आजच फोन करतो.”

मी डोळे पुसले. चहा पुन्हा गरम करायला उठले, तर तो मागून म्हणाला, “एक विचारू? एकाहत्तर साली तुमच्या घरी आलो होतो. तुझे बाबा आपल्याला गच्चीवर बोलायला सोडून खाली गेले. मी विचारलं, लग्नानंतर अमेरिकेला यायला आवडेल ना? आठवतंय?”

“आठवतंय.”

“तू काय म्हणाली होतीस?”

मी गॅस बंद केला. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

“आणि मी खाली येऊन सगळ्यांना सांगितलं,” गिरीश म्हणाला, “मुलगी हो म्हणाली.”