पाचवा फोटो

पेपरच्या वर्धापनदिनाच्या अंकासाठी फोटोग्राफर विनोदला गेल्या सहा महिन्यांतले आपले आवडते पाच फोटो निवडायचे होते. आवडते! सकाळपासून तो कॉम्प्युटरवर फोटो पालथे घालत होता आणि त्याचं डोकं फिरत चाललं होतं. काजूचं रोप एक, त्याला लागलेले हात अकरा. भाट्ये किनाऱ्यावर झाडू एक, तो धरायला पुढारी सात. बाकी सगळी शाल आणि श्रीफळ. ह्यात आवडून घेण्यासारखं काय कपाळ होतं?

कसेबसे चार निघाले. पाचव्यासाठी मात्र तो हटूनच बसला. नाटे बंदरावर पाठमोरी उभी असलेली मासेवाली, डोक्यावर मासळीची पाटी, समोर सकाळचा पांढुरका समुद्र. वीस वर्षांच्या नोकरीत असा फोटो त्याच्या हातून एकदाच निघाला होता.

संपादक करुणाताईंनी चष्मा वर केला. "अरे, चेहरा कुठाय? चेहरा दिसला की घरचे दोन अंक जास्त घेतात. पाठ बघून कोण घेणार?"

तीन दिवस त्याने त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी त्या वैतागल्या. "घाल बाबा, अर्धं पान घे. पण त्या बाईचं नाव आण, आणि तिला विचारून ये."

म्हणजे आता नावासाठी नाटेपर्यंत गाडी हाणायची! शिव्या घालतच तो गेला. बंदरावर मोबाइलमधला फोटो दाखवल्यावर बायकांनी हिरव्या पातळावरून ओळखलं आणि सगुणाबाईंना हाक मारली. त्यांनी फोटो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.

"तीस वर्षं हितं बसतंय मी. पेपरात यायचं तर पाठ? तोंड नाय काय मला?"

"मावशी, त्यातच तर मजा आहे. बघणारा विचारात पडतो."

"कसला इचार? ही कोण, हाच ना? मेल्या, त्या दिवशी मला इचारलं असतंस तर सांगितलं असतं. थांब, आता तोंडाचा काढ."

फीत कापणाऱ्या प्रत्येकाचं नाव विनोद हुद्द्यासकट टिपून घेई. हिचे चाळीस फोटो काढले, पण नाव विचारावं असं मनातसुद्धा आलं नव्हतं. त्याला शरम वाटली, आणि शरम वाटली म्हणून आणखीच राग आला.

तोवर सगुणाबाई घरी जाऊन नवी साडी नेसून, तोंडाला पावडर लावून आल्या. सोबत पाच शेजारणी. सगळ्या ताठ उभ्या राहिल्या. हसा म्हटलं तर एकही हसेना. ऊन डोक्यावर, मागे पाण्याची निळी टाकी. विनोदने बटण दाबलं आणि वहीत सहा जणींची नावं आडनावांसकट लिहून घेतली.

गाडीवर बसून त्याने दोन्ही फोटो पुन्हा पाहिले. नवा भिकार होता, त्यात वादच नव्हता. चरफडत त्याने तोच करुणाताईंना पाठवला.