आत्याचं फोटोचं खोकं

आईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस मोठा करायचा ठरला, तेव्हा दादानं कामं वाटून दिली. हॉल त्याच्याकडे, जेवण वहिनीकडे, पाहुण्यांना फोन करणं त्याच्या मुलीकडे, म्हणजे आत्याच्या पुतणीकडे. आत्याला, त्याच्या बहिणीला, त्यानं काही सांगितलंच नाही, कारण तिचं काम ठरलेलं होतं. घरात काहीही असो, फोटो आत्या काढायची. "तुझा हात स्थिर आहे," असं दादा दर वेळी म्हणायचा.

हात स्थिर होता, यात वाद नाही. सोफ्याची कव्हरं शिवण्यात आत्याची हयात गेली होती, तिचा टाका कधी वाकडा जात नसे. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते सगळ्या घराला ठाऊक होतं. आत्या नवऱ्याला सोडून परत आली, त्यानंतरच्या पहिल्याच कार्यात फोटोसाठी सगळे जोडीजोडीनं उभे राहिले आणि ही एकटी उरली. हिला कुणाशेजारी उभं करायचं, कुणी विचारलं तर काय सांगायचं, असा पेच पडला. दादानं तो झटक्यात सोडवला. त्यानं कॅमेरा तिच्या हातात दिला. तेव्हापासून घरात लग्नं झाली, मुलं झाली, माणसांची पोटं सुटली आणि टकलं पडली, आणि हे सगळं अल्बममध्ये अगदी व्यवस्थित दिसतं. आत्या तेवढी कुठेच नाही. परक्या माणसानं ते अल्बम चाळले तर या घराला लेक नव्हती असंच म्हणेल.

इतकी वर्षं तिनं हे चालवून घेतलं. पण आई आता जिना चढताना मध्येच थांबायला लागली होती, आणि आईबरोबरचा आपला एकही फोटो नाही या विचारानं आत्याचं डोकं सणकलं. चीड आली आणि त्याहून जास्त भीती वाटली. या वेळी आईशेजारी मी बसणार, मग कुणी नाक मुरडो की तोंड वाकडं करो, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

दादाला तिनं एवढंच सांगितलं की, या वेळी मी फोटोचं खोकं बनवणार, लोक आत बसतील आणि आपले आपण फोटो काढतील. दादा म्हणाला, हे काय नवीन खूळ, पण करायचं तर कर, पोरं रमतील. यातली मेख काही त्याच्या लक्षात आली नाही.

फ्रिजच्या दुकानामागे पडलेली दोन मोठी खोकी तिनं ओढून आणली आणि आपलं कव्हरांचं दुकान बंद केल्यावर ती कामाला लागली. एकेक बाजू फाडून दोन्ही जोडली, कोपरे सोफ्याला लावायच्या जाड पट्टीनं शिवून आवळले, बाहेरून निळा रंग मारला. आत उरलेल्या मखमलीचा पडदा ताणून बसवला, असा की शोधून सुरकुती सापडू नये. दिव्यावर बटर पेपर लावला, म्हणजे उजेड मऊ पडतो आणि म्हाताऱ्या माणसांच्या सुरकुत्याही जरा गप्प बसतात. बाहेर समोर स्टँडवर पुतणीचा फोन, आणि हातात धरायचं एक छोटं बटण. बाकाची उंची आणि पुढची खिडकी तिनं घरच्यांच्या मापानं बेतली. कुणाचीही उंची तिला विचारावी लागली नाही. आईची वाकलेली पाठ, वहिनीचा उंच अंबाडा, लंबूटांग जावई, सगळ्यांना कॅमेऱ्यातून बघून बघून मापं तिला तोंडपाठ झाली होती. खिडकी कापून झाल्यावर ती मागे सरकली, एक डोळा मिटून बघितलं आणि स्वतःवरच खूश झाली.

पार्टीत खोकं एकदम चाललं. पोरांनी आत धुडगूस घातला, एरवी एकमेकांशी न बोलणारे दोन काका एकाच बाकावर बसून जिभा काढून आले. आत्या खोक्याबाहेर उभी राहून गर्दी जरा पांगायची वाट बघत होती. मग तिनं आईचा हात धरला, तिला आत नेलं, शेजारी बसली आणि बटण दाबलं.

बाहेर पुतणीनं फोन बघितला आणि तिला हसू आवरेना. आई अंबाड्यापासून हनुवटीपर्यंत नीट आली होती. आत्या मात्र गळ्यापासून खाली होती. वरती नुसता निळा पुठ्ठा. घरात सगळ्यांत उंच ती, जावयापेक्षाही, आणि सगळ्या गोतावळ्याची मापं घेताना स्वतःचं माप घ्यायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. फोन हातोहात फिरला, हॉलभर हशा पिकला.

आत्याही आधी हसली. मग तो फोटो पुन्हा बघितला आणि तिचं हसू गेलं. दादानं तिला इतकी वर्षं बाहेर ठेवलं होतं हे खरं, पण हे डोकं तिनं स्वतःच्या हातानं उडवलं होतं. याचा तिला दादापेक्षाही जास्त राग आला.

तेवढ्यात गळ्यात कॅमेरा अडकवून दादा आलाच. म्हणाला, झाली ना मजा, आता सगळ्यांचा एक चांगला फोटो होऊ दे, हा घे. त्यानं कॅमेरा पुढे केला. आत्यानं तो घेतला नाही. दादानं आवाज खाली आणला. "बरं, तुझाही एक काढ. पण जरा वाकून बस, म्हणजे येशील."

"मी वाकणार नाही," आत्या म्हणाली.

तिनं पिशवीतून पुठ्ठा कापायचा कटर काढला. लोकांच्या देखत ती खोक्यासमोर उभी राहिली आणि खिडकीची वरची कड कापायला लागली. दादा म्हणाला, एवढं सुंदर खोकं, वाटोळं करू नकोस. वहिनी म्हणाली, थांब, मी बुटकं स्टूल आणते. आत्यानं मान वर केली नाही. निळी पट्टी खाली पडली. कापलेली कड वाकडीतिकडी झाली होती, जन्मात तिच्या हातून इतकं वाकडं काही कापलं गेलं नव्हतं, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. फोन तिनं मुठीएवढा वर चढवला आणि आत जाऊन ताठ बसली.

आत बाकावर बसलेली आई जागची हलली नव्हती. तिनं आत्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि बाहेरच्यांना म्हणाली, "ही आता इथून उठणार नाही. ज्याला यायचंय त्यानं आत या."

पुतणी पहिली घुसली, मागोमाग जावई, मग अंबाडा सांभाळत वहिनी. पोरं पायाशी बसली. खोकं करकरलं, पण आत्याचे टाके होते, सुटले नाहीत. बाहेर दादा एकटा उरला, गळ्यात कॅमेरा घेऊन.

"मग फोटो काढायचा कुणी?" त्यानं विचारलं.

आत्यानं मूठ उघडून बटण दाखवलं. दादा घाईघाईनं खोक्यात शिरायला वळला, थांब, थांब म्हणाला. आत्या थांबली नाही.

फोटोत आई मधोमध, आत्या तिच्याशेजारी, टाळूपर्यंत पूर्ण. कडेला दादाचा एक खांदा आणि एक कान. वहिनी हळहळली, "अगं, हे अर्धेच आलेत. परत काढ ना."

"राहू द्या, वहिनी," आत्या म्हणाली. "एखाद्या फोटोत नसलं म्हणून कुणी मरत नाही. मला विचारा."