भरला तांब्या

लंकाबाईने तांब्या तोंडाला लावला, ओठ तेवढे ओले केले आणि तांब्या होता तसा भरलेला परत ठेवला. दिवसभर कांद्याच्या लागणीत वाकून आलेली बाई, घसा कोरडा पडलेला, आणि पाणी प्यायची ही तऱ्हा. कुंदाने चुलीशेजारून ते पाहिलं.

"आई, पी की नीट."

"पिले की," लंकाबाई म्हणाली आणि पदराने तोंड पुसून भाकरी थापायला बसली.

महिनाभर तिला उन्हाळी लागली होती. लघवीला गेलं की आग व्हायची, कळ ओटीपोटातून पाठीत जायची. हौशीरामने बायकोला आळेफाट्याला डॉक्टरकडे नेलं, गोळ्या आणल्या, आणि गुण येईना म्हणून घरी बसून डॉक्टरलाच नावं ठेवली. पाणी भरपूर पीत जा, असं डॉक्टर दर खेपेला बजावायचा. लंकाबाई मान हलवायची. झालं.

त्यात गावाला वाघाचा घोर लागलेला. पेपरवाले त्याला बिबट्या म्हणत, पिंपरी पेंढारात सगळे वाघच म्हणत. दिवाळीनंतर त्याने वस्तीवरची कुत्री उचलली, मग एकाची कालवड नेली, तेव्हा देवळात पुरुषांची बैठक बसली. हौशीरामचा चुलतभाऊ भगवंत पंचायतीचा मेंबर. त्याने स्पीकरवरून पुकारलं की दिवेलागणीनंतर बायाबापड्यांनी घराबाहेर पडायचं नाही. चांगल्या मनानेच पुकारलं, त्यात खोट नव्हती.

कुंदा पुण्याला विद्यापीठात शिकत होती. घरी तिने समाजशास्त्र सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. पण त्याच्या जोडीला तिने स्त्री अभ्यासाचा एक विषय घेतला होता, अगदी तोंडओळखीचा. तो मात्र तिने सांगितला नव्हता. भावकीच्या चार तोंडांचं ऐकून घेऊन हौशीराम तिला शिकवत होता. पोरगी परीक्षा देऊन हापिसात बसेल, एवढंच त्याला ठाऊक. बायकांचा अभ्यास करते, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? त्या विषयाच्या बाईंनी सुट्टीला निघताना सगळ्यांना एक काम दिलं होतं. गावातल्या बायकांना विचारा, दिवसभरात भीती कशाची वाटते. कुंदा मनात म्हणाली, सोपं आहे. आमच्याकडे काय, वाघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅनॉलवर धुण्याला बसलेल्या बायकांना तिने विचारलं तेव्हा खसखस पिकली. एक म्हणाली, नवऱ्याचं भ्या. दुसरी म्हणाली, तुझ्या त्या काडीपैलवानाला कोण भितंय, मला बाई सासूचं. साळुबाईची धाकटी सून तेवढी हसली नाही. धुणं आपटता आपटता ती खालच्या आवाजात म्हणाली, "मला पान्याचं भ्या वाटतं. दुपारनंतर प्यालं तर रात काढायची कशी?"

मग एकेक बोलायला लागली. संडास कुणाच्याच घरात नव्हता. अंधार पडला की टमरेल घेऊन घोळक्याने उसाच्या बांधाला जायचं, ही जुनी रीत. आता ती बंद झाली. उजेडात माणसं बघतात आणि अंधारात वाघ. म्हणून दुपारच्या जेवणानंतर पाणीच तोडलेलं, म्हातारीपासून ओल्या बाळंतिणीपर्यंत सगळ्यांनी. एकमेकींना विचारलंही नव्हतं. कुंदाला आईचा तांब्या आठवला आणि मग तिच्याने राहवेना. कुठे जाता, किती वेळ दाबून धरता, दुखतं का, सगळं विचारत सुटली. साळुबाई पलीकडे बसून ऐकत होती. ती पिळे बादलीत टाकून सगळ्यांच्या आधी निघाली, तेव्हा ही आता गावभर सांगणार हे कुंदाला कळलं.

संध्याकाळी वीज गेली, कंदील लागला, आणि भाकऱ्या होतात न होतात तोच भगवंत ओट्यावर येऊन टेकला. कुंदा दाराआड चौकट धरून उभी राहिली. पोरीने भर कॅनॉलवर बायांना काय काय विचारलं ते त्याने मीठमसाला लावून सांगितलं. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही म्हणाला. उद्या हिला कोण करून घेईल म्हणाला. "परसाकडचं इचारायला इद्यापीठ लागतं व्हय, दादा?"

हौशीराम ओरडला नाही. तो कधीच ओरडत नसे, आणि कुंदाला भीती होती ती त्या न ओरडण्याचीच. तिच्या थोरल्या बहिणीची शाळा त्याने अशाच मऊ आवाजात बंद केली होती.

"काय शिकवत्यात तुला तितं?"

"बायकांच्या जगण्याचा अभ्यास," कुंदा म्हणाली.

"त्यो घरात बसून व्हतो." त्याने आत खुंटीकडे बोट केलं. "सोमवारी पुण्याला जायचं न्हाई. पिशवी सोड."

बांधून ठेवलेली पिशवी खुंटीला होती. संपलं, एवढंच तिला कळलं.

लंकाबाईने तवा उतरवला. हात धुतले. तांब्या घेऊन ती ओट्यावर आली, उंबऱ्याशी टेकली आणि दोघा पुरुषांच्या देखत पाणी प्यायला लागली. हनुवटीवरून ओघळ आला तरी थांबली नाही. तांब्या रिता झाला तेव्हा आत जाऊन माठातून भरून आणला आणि तोही प्याली. भगवंत कंदिलाकडे बघत ऊसतोडीचं काहीतरी बोलत राहिला. हौशीराम हूं हूं करत होता. बराच वेळ गेला.

"अवं, उठा," लंकाबाई म्हणाली. "बॅटरी घ्या. मला बाहेर जायाचंय."

"वैनी, आपलं ठरलंय ना," भगवंत म्हणाला.

"तुमचं ठरलं व्हतं, भावजी."

"आता सकाळी जा," हौशीराम म्हणाला.

"सकाळपत्तर दम न्हाई."

ती टमरेल घेऊन उभीच राहिली. हौशीराम भगवंताकडे बघून उठला, कोपऱ्यातली काठी घेतली, बॅटरी घेतली. कुंदा मागे निघाली तर आईने तिला हातानेच अडवलं.

बॅटरीचा उजेड बांधापर्यंत गेला आणि थांबला. मागे उसाची काळी भिंत. आपल्या एका प्रश्नापायी आईला वाघाच्या तोंडी धाडलं, आणि बापालाही! तिकडे ऊस सळसळला. उजेडाने उडी मारली, उसावर फिरला, पुन्हा फिरला. पळावंसं वाटलं तरी हौशीरामला पळता येत नव्हतं, कारण त्याच्या पाठीशी लंकाबाई बसली होती. तो मोठमोठ्याने खाकरत होता. पहिल्यांदा जोरात, मग कोरड्या पडलेल्या घशाने कसाबसा. ओट्यावर भगवंतही उभा राहिला होता, पण पायरी उतरला नाही.

दोघं परत आली. लंकाबाई हातपाय धुऊन चुलीशी गेली, जशी काही परड्यातून कोथिंबीर खुडून आली. वारा गार होता, तरी हौशीरामचा सदरा पाठीला चिकटला होता. भगवंत येतो म्हणून निघून गेला.

कुंदाने तांब्या भरून बापापुढे ठेवला. त्याने तो उचलला, तोंडाला लावला, ओठ ओले केले आणि थांबला. चुलीपुढे बसलेल्या बायकोकडे तो बघत राहिला. तिने वळून पाहिलं नाही.

"रोज असंच व्हतं?" त्याने कुंदाला विचारलं.

"व्हय."

"समद्यांचंच?"

कुंदाने मान डोलावली. त्याने तांब्या खाली ठेवला.

"पिशवी सोडलीस?"

"नाय, आण्णा."

"ऱ्हाऊ दे तशीच."